जाऊबाईंच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या

आमच्या सासरी कुणी नवस बोलत नाही. गंडे, दोरे, अंगारे, बाबा-बुवा, यातलं काही म्हणजे काही चालत नाही. आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देवांचे सगळे टाक नदीत सोडले, ही गोष्ट सासरे आजही नव्याने घडल्यासारखी सांगतात. आजार झाला तर औषध घ्यायचं आणि मूल होत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, हा घरचा नियम. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी मला कुणी कुठल्या मठात नेऊन बसवलं नाही, याचं मला फार कौतुक होतं. माहेरच्या मैत्रिणींना मी ते ऐकवायचे. आमच्याकडे असलं काही नसतं बाई, आमच्याकडे फक्त औषध.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला राहतो. मी इथे शिकायला आले आणि राहिले, नवरा माझ्या मागून आला. मी दुधाच्या पावडरीच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये काम करते. पावडरीचे नमुने येतात, मी ते तपासते, सही करते आणि मगच ती पोती पुढे जातात. नमुन्याच्या एका डब्यावर तारीख नव्हती म्हणून मी एकदा अख्खा लॉट अडवून ठेवला होता. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला, पण मी बधले नाही. लॅबमध्ये मला सगळे वचकून असतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी जे केलं ते याच बाईने केलं.

मला मूल हवं होतं. आडपडदा न ठेवता सांगायचं तर मला दुसरं काहीच नको होतं. घराचं कर्ज मिळालं, कायमचा व्हिसा मिळाला, लोक अभिनंदन करायचे आणि मला वाटायचं, हे ठीक आहे, पण ते कुठंय? पौर्णिमेला आम्ही इथली दहा-बारा कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतो. वंदना होते, खीर होते, मग बायका पोरांच्या तक्रारी काढतात. "अगं, मी मराठीत विचारते आणि हा मला इंग्लिशमध्ये आन्सर देतो. 'आय नो, मम' म्हणतो. काय करायचं सांग!" मी हसायचे आणि खिरीचं भांडं घेऊन उगाच आत जायचे. मला 'मम' म्हटलेलंही चाललं असतं. चिनी भाषेत हाक मारली असती तरी मी ओ दिली असती.

आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी रीतसर सगळं सुरू केलं होतं. माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, नवऱ्याची तपासणी लिहून दिली, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं पत्र तयार होतं. पण नवऱ्याने ती तपासणी चार महिने पुढे ढकलली. आज मीटिंग, उद्या सर्दी, परवा लॅब लवकर बंद होते. ती झाल्याशिवाय पत्र पुढे जाईना. शेवटी एकदाचं गेलं, तेव्हा तिथे रांग. मी फोन करून विचारलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "यू आर ऑन द लिस्ट, स्वीट ॲज!" इथे 'सगळं ठीक' याला असंच म्हणतात. यात स्वीट काय आहे, असं मला तिला खडसावून विचारायचं होतं. मी थँक यू म्हणाले आणि फोन ठेवून नवऱ्यावर ओरडले.

हे सगळं मी जाऊबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्या पिंपरीला असतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, तोंडाने फटकळ आणि माझ्यावर सख्ख्या बहिणीसारखा जीव. त्यांनाही बरीच वर्षं मूल नव्हतं. मग गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच महिन्यांत दिवस राहिले. तो पुतण्या आता दुसरीत जातो.

"अगं, एवढं काय त्यात!" त्या म्हणाल्या. "अंडं तयार व्हायच्या साध्या गोळ्या आहेत. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या, बस. माझी चिठ्ठी आहे अजून जपून ठेवलेली. मेडिकलवाला ओळखीचा आहे. पाठवून देते कुणाबरोबर."

कुणाबरोबर तरी पाठवणं हा आमच्या लोकांचा धर्मच आहे. इकडून कुणी निघालं की दोन महिने आधी कळतं आणि त्याच्या बॅगेतली अर्धी जागा आधीच वाटून झालेली असते. कुणाचा गोडा मसाला, कुणाची जवसाची चटणी, कुणाच्या थायरॉइडच्या गोळ्या, कुणाचं गुडघ्याचं मलम. इथे डॉक्टर तपासल्याशिवाय साधं अँटिबायोटिक देत नाहीत, याचा राग आम्ही सगळे मिळून पिंपरी-चिंचवडच्या मेडिकल दुकानांतून काढतो. घराघरात एक डबा असतो. त्यात कुणाच्या तरी नावाच्या चिठ्ठ्या आणि कुणाच्या तरी उरलेल्या पट्ट्या असतात.

माझ्या गोळ्या ऑकलंडच्या एका काकूंबरोबर आल्या. त्यांना आम्ही व्हिटॅमिन म्हणून सांगितलं होतं. विमानतळावरच्या माणसाने चटणीचं एकेक पाकीट उघडून वास घेतला आणि लिफाफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असं त्या सांगत होत्या. आम्ही रविवारी सकाळी तिथल्या अवोन्डेलच्या भाजीबाजारात भेटलो. नवरा मेथीच्या जुड्या निवडत होता. काकूंनी भाजीच्या पिशवीतून लिफाफा काढून माझ्या हातात दिला. आत चार पट्ट्या होत्या आणि जाऊबाईंची जुनी, घडीवर फाटायला आलेली चिठ्ठी. वर त्यांचं नाव, त्यांचं वय, त्यांचं वजन. मी ती पर्समध्ये ठेवली आणि परतीच्या वाटेवर दोनदा काढून पाहिली. मला इतका आनंद झाला होता की गाडीत मी गाणं गुणगुणत होते.

"डॉक्टरीणबाईंना विचारायचं का एकदा?" नवऱ्याने विचारलं.

"विचारलं तर फाइलवर जाईल. मग म्हणतील, यांनी स्वतःच ट्रीटमेंट सुरू केली, काढा लिस्टमधून."

हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. पण इथे व्हिसावर काढलेल्या वर्षांनी एक भीती अंगात मुरते. फाइलवर गेलेली कुठलीही गोष्ट कधी ना कधी आपल्यावर उलटणार, असंच वाटत राहतं. नवराही त्याच भीतीत वाढलेला. त्याने मान डोलावली.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. चेहरा तापल्यासारखा व्हायचा, पोट जड वाटायचं. मला ते छानच वाटलं, काहीतरी चाललंय म्हणून. दुसऱ्या महिन्यात, गोळ्यांच्या चौथ्या दिवशी, सकाळी कामाला जाताना धुकं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात नदीवरून असं धुकं येतं की समोरच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसतात. त्या दिवशी त्या दिव्यांना शेपट्या फुटल्या. गाडी पुढे जायची आणि दिवा मागे हवेत तसाच राहायचा. नजरेच्या कडेला काहीतरी लखलखत होतं. मी गाडी बाजूला घेतली, डोळे चोळले, दहा मिनिटं बसून राहिले आणि मग तशीच कामावर गेले.

"उष्णता झाली असेल गं," जाऊबाई म्हणाल्या. "सब्जा भिजवून घे. आणि चष्म्याचा नंबर बघ."

मी इंडियन दुकानातून सब्जा आणला. गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात डोळे नीट झाले, तेव्हा मी सब्ज्याला श्रेय दिलं.

तिसऱ्या महिन्यात मी गोळी दुप्पट केली. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही आणि जाऊबाईंनाही नाही. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. एकीने होत नाही तर दोनने होईल, हे गणित माझं मीच मांडलं. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याची हजेरी घेतली असती. डोळ्यांपुढे पुन्हा दिव्यांच्या शेपट्या आल्या. मी आठवडाभर नवऱ्याला गाडी चालवायला लावली आणि मान आखडलीय म्हणून सांगितलं.

त्या महिन्याच्या शेवटी पाळी आली. थोडीशीच, दोन दिवस, तपकिरी. मी बाथरूममध्ये पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसले, कॅलेंडरवर खूण केली आणि तिसऱ्या दिवसापासून पुढच्या पाच दिवसांच्या गोळ्या चालू केल्या. घरी करायची टेस्ट ड्रॉवरमध्ये पडून होती. पण पाळी आल्यावर टेस्ट कशाला करायची? त्या पट्टीवर एकच रेघ बघून बघून मला तिचा तिटकारा आला होता.

त्यानंतर साधारण आठवडाभराने लॅबमध्ये उजव्या कुशीत कळ आली. सकाळपासून दुखत होतंच, पण मी नमुने संपवायच्या मागे होते. मग खांदा दुखायला लागला. पोटाचं दुखणं खांद्यात का यावं, असा विचार करत मी सही करायला पेन उचललं आणि पेन खाली पडलं. माझी सुपरवायझर माओरी आहे, इथल्या मूळ लोकांपैकी, साठीला आलेली, रोज सकाळी "किआ ओरा, डार्लिंग" म्हणत येते आणि दिवसभर कुणाला दमही देत नाही. तिने माझा चेहरा पाहिला आणि तिचा आवाजच बदलला. "तू उठायचं नाहीस," म्हणाली. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत जमिनीवर माझ्याशेजारी बसून माझा हात धरून ठेवला. नंतर माझ्याबरोबर हॉस्पिटलपर्यंतही आली.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "प्रेग्नंट असण्याची शक्यता?"

"नाही. पाळी येऊन गेली."

"काही औषधं चालू आहेत? गोळ्या, घरगुती काही?"

"नाही," मी म्हणाले. पोटात सुरी फिरत होती आणि मला फाइल आठवत होती.

तिने तरीही लघवीची तपासणी केली. सगळ्यांचीच करतो म्हणाली. थोड्या वेळाने ती पडदा सारून आत आली आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "टेस्ट पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली.

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग पट्टी दाखव म्हणाले. तिने आणून दाखवली. दोन रेघा. इतकी वर्षं मी ज्या दुसऱ्या रेघेसाठी पट्टी खिडकीपाशी नेऊन, तिरकी धरून, चष्मा काढून पाहिली होती, ती ठळक, सरळ, कुणालाही दिसेल अशी उमटली होती. नर्स पुढे काहीतरी सांगत होती, पोट दुखतंय म्हणून स्कॅन करावा लागेल, बाळ कुठे आहे ते बघावं लागेल. मी ऐकत नव्हते. बाळ कुठे असणार? माझ्यापाशी.

स्कॅनच्या माणसाला यायला चाळीस मिनिटं लागली. भिंतीवर समोरच घड्याळ होतं म्हणून मला ते नेमकं आठवतं. त्या चाळीस मिनिटांत मी नवऱ्याला फोन केला आणि तो हसला की रडला ते मला कळलं नाही. सुपरवायझरला सांगितलं तर तिने आनंदाचं काही म्हटलं नाही, फक्त माझ्या कपाळाला कपाळ लावलं. तिला बहुतेक कळलं होतं. ती बाहेर गेल्यावर मी पोटावर हात ठेवला. उजव्या बाजूला दुखत होतं, म्हणून डाव्या बाजूला ठेवला. आणि मराठीत, हळू आवाजात, म्हटलं, "थांब हं. बाबा येतोय. थांब."

इतकंच बोलले. जास्त बोलायला लाज वाटली. आता वाटतं, खूप बोलायला हवं होतं.

नवरा कामाचे बूट न काढता पळत आला आणि पाच मिनिटांत स्कॅन झाला. पडद्यावर गर्भाशय रिकामं होतं. गर्भ उजव्या नळीत अडकला होता, नळी फाटून पोटात रक्त साचायला लागलं होतं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून लहानच असेल. तिने ऑपरेशनचं सांगितलं, कागद पुढे केला आणि पुन्हा एकदा विचारलं, "तुम्ही खरंच कुठलं औषध घेत नव्हतात?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं. चार महिने, पट्ट्या, चिठ्ठी, डोळे, दुप्पट गोळी, पाळी समजून पुन्हा घेतलेल्या गोळ्या, सगळं. दुप्पट म्हणताना नवऱ्याने मान वर केली.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिने सगळं शांतपणे लिहून घेतलं. ऑपरेशनमध्ये उजवी नळी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली आणि खुर्ची ओढून बसली. गोळ्यांमुळेच असं झालं, असं ती म्हणणार नाही, ती म्हणाली. नळीत गर्भ अडकणं गोळ्या न घेताही होतं. नळीत रुजलेला गर्भ वाचवताही येत नाही, त्यामुळे मी काही केलं असतं तरी हे बाळ जन्माला आलं नसतं. "ते स्वतःला लावून घेऊ नका," म्हणाली. "पण कुणी लक्ष ठेवून असतं ना, तर ते थोडं रक्त पाळी नाही हे रक्ताच्या एका तपासणीत कळलं असतं. लवकर कळलं की कधी कधी इंजेक्शनवर भागतं. नळी वाचते. आणि डोळ्यांसमोर तसं झालं त्याच दिवशी गोळ्या बंद करून फोन करायचा असतो. तुम्ही त्यात गाडी चालवत होतात."

"मला लिस्टमधून काढाल का?" मी विचारलं. इतकं ऐकून मी विचारलं ते हे.

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "का काढू?" म्हणाली.

कुणीही काढणार नव्हतं. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी हे उत्तर मिळालं असतं.

घरी आल्यावर चार दिवसांनी जाऊबाईंना फोन केला. कॅमेरा चालू नको म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. पलीकडे मिक्सर चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

"पण माझं तर काही झालं नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "मला तर दिवसाआड बोलवायचे सोनोग्राफीला. अंडं किती मोठं झालं ते मोजायचे. एका महिन्यात अंडी जास्त झाली म्हणून गोळ्याच थांबवल्या होत्या. पाळी चुकली की लगेच रक्त काढायचे. मला किती कंटाळा यायचा, रिक्षाने जा, तास तास बसा..."

"हे तुम्ही मला बोलला नाहीत, ताई."

"अगं, ती कटकट होती. औषध म्हणजे गोळ्या, असंच डोक्यात बसलं होतं." मग त्या रडायला लागल्या. "गोळ्या पाठवल्या मी. सोनोग्राफी कशी पाठवणार होते?"

मी त्यांना दोष दिला नाही. थोडा दिला, मनात. मग माझ्या लक्षात आलं की चिठ्ठीवर त्यांचं नाव ठळक लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत होतं. ती चिठ्ठी मी उशीखाली ठेवायचे, हेही सांगून टाकते. गोळी घ्यायच्या आधी डोळे मिटायचे. सासरे अंगाऱ्याला हसतात, मीही हसायचे, पण ती गोळी मी अंगाऱ्यासारखीच जिभेवर ठेवली होती. औषध म्हटलं की आम्ही शहाणे, असं मला वाटायचं. तपासणाऱ्या माणसाशिवाय घेतलेलं औषध आणि अंगारा यांत मला काही फरक करता आला नाही, आणि माझं कामच तपासण्याचं.

उरलेली पट्टी मी फार्मसीत परत दिली. इथे जुनी औषधं परत घेतात. आमच्या पौर्णिमेच्या बायकांना मी सगळं सांगितलं, खीर वाढता वाढता, कुणी विचारायच्या आत. एकीने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "मग माझ्या त्या पट्टीचं काय करू?" मी तिला दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि बाहेर बसून राहिले.

मागच्या महिन्यात आमचा नंबर लागला. क्लिनिकमध्ये बसायला मऊ खुर्च्या आहेत आणि कोपऱ्यात लाकडी खेळणी. ती कुणी तिथे ठेवली असतील त्याला माझा नमस्कार, मी त्यांच्याकडे पाठ करून बसते. आता मीही दिवसाआड जाणार आहे, पडद्यावर बघणार आहे, एक नळी आणि जे काही उरलंय ते घेऊन. होईल की नाही, ते कुणीही सांगत नाही. मी खूप वेळा विचारलं. मूल अजूनही तेवढंच हवं आहे, तसूभरही कमी नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी भरायला फॉर्म दिला. घेतलेली औषधं लिहायला दोन ओळी होत्या, मला त्या पुरल्या नाहीत. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले, कुठल्या महिन्यात किती, डोळ्यांना काय झालं ते, चिठ्ठी कुणाच्या नावाची होती ते. नवरा शेजारून वाचत होता. या वेळी त्याची तपासणी आमच्या आधी तिथे पोचली होती.

मग पान उलटलं तर वरच प्रश्न होता, आधी किती वेळा गरोदर होतात? मुलं किती, हा प्रश्न त्याच्या खाली वेगळा होता. इतकी वर्षं मी असल्या प्रत्येक कागदावर दोन्हीकडे शून्य लिहीत आले होते. खालच्या चौकटीत मी शून्य लिहिलं. वरच्या चौकटीपाशी पेन थांबलं. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

चाळीस मिनिटं ते बाळ थांबलं होतं माझ्यासाठी, मी म्हटलं म्हणून. मी एक लिहिला.